तपशिलाचा रकाना

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात एक जुनी हार्डडिस्क पडून आहे. आता ती कुठल्याच कॉम्प्युटरला बसत नाही. घर आवरताना ती दरवर्षी हातात येते, दरवर्षी मी तिच्यावरची धूळ पुसते आणि परत तिथेच ठेवते. घरातल्यांनी एकदा भंगारवाल्याला देऊन टाकली होती. मी चपलासुद्धा न घालता त्याच्या गाडीमागे धावले होते.

तेव्हा भोरमध्ये मला सगळे कॉम्प्युटरवाली म्हणत. पुण्यात डिप्लोमा करून आले होते, बाजारपेठेत एका जिन्यावर दोन कॉम्प्युटर मांडून क्लास काढला होता आणि दुकानदारांना हिशेबाचा प्रोग्रॅम बसवून देत होते. वय पंचविशीच्या आतलं आणि अंगात मिजास गाडीभर. गावात या विषयातलं दुसरं कुणाला काही कळत नव्हतं, त्यामुळे मला किती कळतं हे तपासणारंही कुणी नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती मी.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पाण्याच्या मोटारी, पाइप आणि इंजिनाचे सुटे भाग विकणारं एक दुकान. भोंगवलीपासून वेल्ह्यापर्यंतचे शेतकरी तिथे यायचे. दुकानात तीन कॉम्प्युटर होते. एक काउंटरवर, एक गोदामात, आणि तिसरा मागच्या खोलीत पाइपांच्या भेंडोळ्यांमध्ये लोखंडी मांडणीवर ठेवलेला सर्व्हर. सगळा हिशेब त्या सर्व्हरमध्ये असायचा, बाकीचे दोघे एका काळ्या तारेवरून त्याच्याकडून मागून घ्यायचे. मालकांनी सर्व्हरला निळ्या सॅटिनचं झाकण शिवून घेतलं होतं. खंडेनवमीला त्याच्यावर झेंडूचा हार चढायचा आणि त्या दिवशी त्याला सुट्टी असायची, तराजूला आणि पान्यांना असते तशी.

काउंटरवर चाचा बसायचे. भोरमधल्याच एका मुसलमान घरातले, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून दुकानाची रोजकीर्द लिहीत आलेले. साठी ओलांडलेली, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वह्या जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा हे म्हातारं आता घरी बसणार असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. पण त्यांनी महिनाभरात एका बोटाने टाइप करायला शिकून घेतलं. पडद्यावर मराठी येत नव्हती, म्हणून ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत मराठी लिहायचे. शिकवताना मी दोनदा चिडले होते. ते म्हणाले होते, "चिड बेटा, पर शिकव."

चाचांची एक ख्याती होती. त्यांना सगळ्या तालुक्याची माणसं माहीत होती. गिऱ्हाईक पायरी चढून वर आलं की चाचा म्हणायचे, "या पाहुणं, बसा, दम खा, पाणी घ्या." तो पाणी पिईपर्यंत चाचा पडद्याकडे बघत काही तरी करत असायचे आणि मग मान वर करून विचारायचे, "आईच्या डोळ्याचं झालं का आपरेशन? आन् थोरली पोरगी? दिली का वरव्याला?" माणूस खुलायचा. आमच्याकडे नुसती मोटर विकत नाहीत. आधी घरादाराची चौकशी होते, मग पावसाची, मग मोटारीची. ज्या दुकानात चौकशी होत नाही तिथून माणूस हात झटकून खाली उतरतो. पुण्याच्या रस्त्यावर याच मोटारी स्वस्त मिळायच्या, तरी लोक भोरलाच यायचे ते चाचांमुळे. मालक हे उघड कबूल करायचे.

मी गेले की माझ्यासाठी चहा यायचा, बिनसाखरेचा. मला न विचारता. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. गोड चहा मी लहानपणीच सोडला होता आणि हे माझ्या क्लासातल्या मुलींच्यासुद्धा कधी लक्षात राहिलं नाही. चाचांच्या लक्षात राहायचं. हाक मात्र ते मला बेटा म्हणूनच मारायचे, जशी सगळ्या तरण्या पोरांना मारायचे. मोठ्या माणसांना पाहुणं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर हळू चालायला लागला. आधी थोडा, मग असा की बिल करायला घेतलं की पडदा गोठून बसायचा. गोदामातला माणूस ओरडायचा, काउंटरवर रांग लागायची. ऐन उन्हाळा, विहिरी खाली गेलेल्या, मोटारींचा सगळा धंदा त्या तीन महिन्यांतला. प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो पुण्याचा मुलगा सन दोन हजार उजाडताच कॉम्प्युटरच्या तारखा चुकतील म्हणून निघालेल्या दुरुस्तीच्या कामासाठी अमेरिकेला निघून गेला होता. मालक माझ्याकडे बघायला लागले.

मी आधी विजेवर ढकललं. व्होल्टेज कमी आहे म्हणाले. स्टॅबिलायझर आला. मग म्हणाले, रॅम कमी पडते. एसटीने पुण्याला गेले, बुधवार पेठेतून रॅम आणली, बसवली. दोन दिवस बरं वाटलं, कदाचित वाटलंच फक्त. मग म्हणाले, हार्डडिस्क जुनी झाली, तिला वेग नाही. परत एसटी. नवी डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आले, कात्रजच्या घाटात प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी उचलून धरत. सगळा हिशेब तिच्यावर उतरवला. जुनी काढलेली डिस्क माझ्या क्लासच्या खणात टाकून दिली, असू दे म्हणून.

नव्या डिस्कनेही फरक पडला नाही. मी परत व्होल्टेजचं नाव काढलं, तेव्हा मालक सगळ्या दुकानासमोर म्हणाले, "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका." गोदामातली माणसं हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. ते मला ओशाळ्या माणसाचं बघणं वाटलं, पण कशाचं, ते तेव्हा कळलं नाही.

मला तो अपमान फार लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हरच्या खोलीत स्टूल टाकून बसले. डब्याच्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा असतो, डिस्क काम करत असली की तो पेटतो. मी ठरवलं, हा दिवा जेव्हा जेव्हा एकसारखा पेटून राहील तेव्हा कोण काय करतंय ते बघायचं. गोदामातला कॉम्प्युटर बंद करायला लावला. दिवा शांत. थोड्या वेळाने पेटला आणि पेटलेलाच राहिला. मी दारातून डोकावले. काउंटरवर चाचा. पायरीवर एक माणूस चप्पल काढत होता. तो आत आला, पाणी प्यायला, चाचांनी त्याच्या बैलाची चौकशी केली, दिवा विझला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. पायरीवर माणूस, लाल दिवा, पाणी, चौकशी.

मी चाचांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. ते शोधत होते. हिशेबाच्या प्रत्येक नोंदीला एक तपशिलाचा रकाना असतो, तिथे लोक 'मोटर एक नग' एवढं लिहून सोडतात. चाचा तिथे पाच पाच, सात सात ओळी लिहायचे. जुन्या रोजकिर्दीची सवय. एका गावात एका नावाचे चौघे असतात, मग माल कुणाच्या हाती दिला हे ओळखायला विहिरीशेजारचा, चष्म्याचा, असं काही तरी लिहून ठेवावं लागायचं. त्या अमेरिकेला गेलेल्या मुलाने त्यांच्या आग्रहाखातर तपशिलात शोधायचीही सोय करून दिली होती.

तीच सोय घात करत होती. खात्याचं नाव शोधायचं तर मशीन अनुक्रमणिका बघतं आणि बरोबर पानावर जातं. तपशिलात कुठे तरी एक शब्द शोधायचा तर अनुक्रमणिका नाही, सगळं पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचावं लागतं. आणि आमच्या त्या व्यवस्थेत वाचणारा काउंटरवर बसलेला, पुस्तक मागच्या खोलीत. दर वेळी ते सगळं पुस्तक त्या बारक्या तारेवरून पुढे आणायचं. तेवढा वेळ बाकीचे थांबून. रॅमने काय होणार होतं आणि डिस्कने काय होणार होतं.

मला हसूच फुटलं. मोठ्याने हसले मी. दोन महिने मी पुण्याच्या खेपा घालत होते आणि दुखणं इथे काउंटरवर टोपी घालून बसलं होतं. "चाचा," मी म्हणाले, "सगळ्या दुकानाचा खोळंबा तुमच्या या बोटाने केलाय."

त्यांनी कीबोर्डवरचा हात पटकन काढून घेतला. म्हणाले, "बेटा, मला त्याच्याबिगर सुधरत न्हाई."

"सुधरेल की. इतकी माणसं तुमच्या डोक्यात आहेत, याची गरज काय तुम्हाला?"

मी विचारून गप्प बसायला हवं होतं. पण मी तेव्हा उत्तरासाठी प्रश्न विचारत नसे.

मालकांना समजावून सांगितलं. त्यांचा निर्णय एका वाक्यात झाला, काढून टाका. शुक्रवार होता, चाचा दुपारी नमाजाला गेले होते. मी तपशिलाचा रकाना तीस अक्षरांवर आणला, 'मोटर एक नग' मावेल एवढा, आणि जुनं सगळं लिहिलेलं पुसून फाइल आवळून घेतली. पुसण्याआधी एक ओळसुद्धा वाचली नाही. पडद्यावर नुसती मोठी इंग्रजी अक्षरं दिसत होती, एकाला एक चिकटलेली, मला ती अडगळ वाटली. रोजची राखीव प्रत मी फ्लॉपीवर घेत असे, पण तपशिलाची फाइल फ्लॉपीत मावत नाही म्हणून ती कधीच घेतलेली नव्हती.

सर्व्हर सुटला. बिल बटण दाबताच छापायला लागायचं. मालकांनी पेढे आणले, स्वतःच्या हाताने मला दिले, आणि म्हणाले, "मॅडम, शब्द मागं घेतो." त्या आठवड्यात त्यांनी नसरापूरच्या दोन दुकानदारांना माझं नाव सांगितलं. इतकी सुखात मी त्या वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी नव्हते.

चाचा नमाजाहून आले. गादीवर बसले. पायरीवर कुणी तरी आलं, त्यांनी एका बोटाने काही तरी टाइप केलं. पडद्यावर तत्काळ इंग्रजीत उत्तर आलं, आढळले नाही. त्यांनी पुन्हा टाइप केलं. तेच. मी पेढा खात होते. म्हणाले, "बघा चाचा, किती फास्ट!"

पुढच्या बुधवारी मी वेग तपासायला गेले होते, खरं तर कौतुक ऐकायला. विंझरहून जीप आली, तिच्यातून एक उंच, जाड मिशांचा माणूस उतरला. चाचांनी पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "या पाहुणं, बसा." पाणी दिलं. बराच वेळ गेला. मग चेहऱ्यावर ओळखीचं हसू आणून म्हणाले, "म्हातारबा काय म्हंत्यात? बरं हायत न्हवं?"

त्या माणसाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "चाचा," तो म्हणाला, "दोन म्हैनं झालं बाबास्नी जाऊन. तुमी सोता मातीला आला हुता की."

चाचांनी कीबोर्डवरून बोट काढलं. "व्हय," ते म्हणाले, "व्हय व्हय. चुकलो. म्हातारा झालो आता." त्यांनी दोन्ही हात जोडले. तो माणूस भला, म्हणाला असू द्या. पण मोटर न घेताच गेला. माझा चहा आला. मी घोट घेतला आणि थुंकायची वेळ आली, दोन चमचे साखर होती त्यात. मला राग आला होता, तेवढंच मला आठवतंय. माझ्या चहाचा राग.

त्यानंतर चाचांनी दोनशे पानी वही आणली आणि काउंटरखाली ठेवून तिच्यात लिहायला लागले. पण वहीत माणूस पायरी चढून येईपर्यंत काही सापडत नाही. ते पानं उलटत राहायचे आणि समोरचा ताटकळायचा. गोदामातली पोरं म्हणायची, चाचा परीक्षेला बसलेत.

मग एक दिवस दुपारी ते माझ्या क्लासचा जिना चढून आले. छत्री टेकत, प्रत्येक पायरीवर थांबत. मी दोन मुलींना शिकवत होते. ते बाकावर बसून राहिले, मुली गेल्यावर म्हणाले, "बेटा, ते जुनं लिवल्यालं परत येतंय का बघ की."

"कशाला हवंय चाचा?"

"हवंय. म्या काय मशीन अडवनार न्हाई. दुकान बंद झाल्यावर बघत जाईन. न्हाईतर सकाळी, उघडायच्या आदी. कागदावर दिलंस तरी चालंल."

मला खणातली डिस्क आठवली. हे मी आज लिहिते आहे, कारण कुठे तरी लिहायलाच हवं. मला ती तेव्हाच्या तेव्हा आठवली. ते बसले होते तिथून हातभर अंतरावर, त्याच टेबलाच्या खणात, तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतचं सगळं तिच्यावर होतं. एक दुपार खर्च केली असती तर कागदावर काढून देता आलं असतं. पण मग मालकांना कळलं असतं की बाईने पुसलं ते पुसायचं नव्हतं. चाचा पुन्हा शोधायला लागले असते, पुन्हा मशीन अडलं असतं, पुन्हा ते अंगण वाकडं. नसरापूरची दोन कामं नुकतीच ठरली होती.

"पुसलं की पुसलं चाचा," मी म्हणाले. "कॉम्प्युटरमधलं परत येत नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही. आणि होतं काय त्यात एवढं?"

त्यांनी मान हलवली. कुरकुर केली नाही, रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला आज बरं वाटलं असतं. मी चहा मागवला. कप हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "बेटा, तू साखर घेतीस का?"

"नाही घेत. तुम्हाला माहीत आहे की," मी म्हणाले. तुटकपणे म्हणाले.

"व्हय की," ते म्हणाले. "व्हय की. इसरलो."

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचं काउंटर गेलं. वरवे बुद्रुकला पाठवायची मोटर त्यांनी भोंगवलीच्या टेम्पोत चढवली आणि तीही दोन भाऊ भांडून वेगळे झालेल्या घरात, नको त्या भावाच्या दारात उतरली. मारामारीपर्यंत आलं. मालक वाईट नव्हते. त्यांनी चाचांना शाल दिली, नारळ दिला, सगळ्यांना जेवण दिलं. मलाही बोलावणं होतं. चाचा शाल गुंडाळून काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते. या दोन वर्षांत मी त्यांना त्या बाजूला कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या जागी आता मोटर-सायकलवरून येणारा एक चलाख माणूस बसू लागला. बिलं भराभर निघत. हळूहळू विंझरच्या आणि वेल्ह्याच्या जीपा पुण्याच्या रस्त्याला वळल्या, स्वस्त पडतं म्हणून.

मी ते सगळं वयावर ढकललं, जसं आधी व्होल्टेजवर ढकललं होतं.

वर्षभराने माझ्या क्लासमधल्या एका कॉम्प्युटरची डिस्क गेली. तात्पुरती म्हणून खणातली जुनी काढली. ती कोरी करून घ्यायची होती. कोरी करायच्या आधी, का कोण जाणे, मी तपशिलाची फाइल उघडली. कदाचित जागा किती अडली आहे ते बघायला. या वेळी मी वाचलं. अक्षरं इंग्रजी होती, तोंडाने पुटपुटल्याशिवाय लागत नव्हती, म्हणून मोठ्याने वाचलं. इथे नागरीत लिहिते.

'विंझर. उंच, जाड मिशा, डोईला लाल टॉवेल. तीन एचपीची मोटर. वडील वारले, मातीला म्या गेलो हुतो. आता वडलांचं इचारायचं न्हाई.'

'भोंगवली. दोघं भाऊ सारखंच दिसत्यात. धाकट्याच्या कपाळावर खोक हाय. बोलनं बंद हाय. एकाचं नाव दुसऱ्याम्होरं काढायचं न्हाई. माल देताना कपाळ बघायचं.'

'वेल्ह्याची बाई, हिरवी चोळी, एकटी येती. पाइप तिच्या म्होरंच मोजायचा. आपल्याला फसवत्यात असं तिला वाटतं. मागं कुनी तरी फसवलंय.'

अशा हजारो. चाचांच्या डोक्यात तालुक्याची माणसं नव्हतीच. निदान त्या दोन वर्षांत नव्हती. माणूस पायरीवर दिसला की त्याच्या मिशा, त्याचा टॉवेल, त्याची जीप बघून ते एका बोटाने शोधायचे आणि तो पाणी पिईपर्यंत तो कोण आहे हे वाचून घ्यायचे. आपलं डोकं रिकामं होत चाललंय हे त्यांना कळलेलं होतं, दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि त्यांनी ते सगळं मी शिकवलेल्या मशीनवर नेऊन ठेवलं होतं, कारण तिथून ते लवकर परत मिळायचं. मी ते पुसलं. आणि मागायला आले तेव्हा नाही म्हणाले.

मग मला आणखी एक सुचलं. दुकानाच्या खर्चात कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक खातं होतं. ते उघडलं.

'कॉम्प्युटरवाली पोरगी. चष्मा, सुती ओढनी, चालती लई जोरात. चा बिनसाकरेचा. लवकर चिडती, मन चांगलं. वडील न्हाईत तिला. नाव तीनदा इचारून झालं. आता इचारायचं न्हाई, तिचं तोंड उतरतं.'

मी त्यांना माझं नाव तीनदा सांगितलं होतं. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. माझं तोंड उतरल्याचं त्यांच्या मात्र ध्यानात आलं होतं, आणि ते विसरू नये म्हणून त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी त्या क्लासमध्ये टेबलावर डोकं ठेवून रडले. क्लासच्या मुली आल्या, दारातूनच परत गेल्या.

सगळं छापायला तीन दिवस लागले. प्रिंटरचा कागद अखंड असायचा तेव्हा, एकाला एक जोडलेला. तो गठ्ठा दोन पिशव्यांत भरून मी चाचांच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं. चाचा ओसरीवर खाटेवर बसले होते, टोपी तशीच पांढरी, खिशाला मात्र पेन नव्हतं. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "या, या बेटा. बसा. दम खा. पाणी घ्या."

मी पाणी प्यायले. ते वाट बघत राहिले, आणि मला कळलं की एरवी या वेळात ते पडद्याकडे बघायचे.

मी कागद काढले आणि वाचायला लागले. विंझर, भोंगवली, वेल्ह्याची बाई. ते मन लावून ऐकत होते. मध्येच हसत होते. पाइप मोजायच्या गोष्टीला त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "लई चांगलं लिवलंय. मानसाची पारख हाय. कुनी लिवलंय?"

"तुम्ही, चाचा."

"म्या?" त्यांनी सुनेकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मग मी कागद खाली ठेवले. जे सांगायला आले होते ते सांगितलं. म्हणाले, "चाचा, तुम्ही जिना चढून माझ्याकडे आला होता. हे परत मिळेल का म्हणून विचारलं होतंत. हे माझ्याकडे होतं. तुमच्या शेजारी, खणात होतं. मला माहीत होतं आणि मी नाही म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले तुमच्याशी. त्या दिवशी दिलं असतं तर..." मी त्यांचे पाय धरले.

त्यांनी घाईघाईने मला उठवलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. फार गडबडून गेले होते ते, एक परकी बाई दारात येऊन रडते आहे आणि तिचं दुःख काय ते आपल्याला माहीत असायला हवं, अशा माणसासारखे. त्यांनी आठवून बघितलं. खरोखर कष्ट घेऊन आठवून बघितलं, कपाळावरची शीर दिसत होती.

"कंच्या दिवशी, बेटा?" त्यांनी विचारलं.

सुनेने चहा आणून ठेवला. त्याच्यात साखर होती. मी तो सगळा प्यायले.